‘दादा, मराठी येतं का?’ : रस्त्यात अनोळखी माणसानं पैसे मागितले तर काय करायचं

पुण्या-मुंबईत चार-दोन वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी आलेलाच असतो. ठाणे स्टेशनचा पूल असेल, नाहीतर स्वारगेटचा चौक. डोक्याला टोपी, हातात नायलॉनची पिशवी, दोन पावलं मागे बायको आणि तिच्या कडेवर लेकरू. माणूस लगेच पैसे मागत नाही. आधी विचारतो, ‘दादा, मराठी येतं का?’ तुम्ही ‘हो’ म्हणता आणि तिथेच थांबता. मग कळतं की मंडळी परभणीकडची, बिल्डिंगच्या कामावर आली होती, मुकादमानं मजुरी न देता हाकलून दिलं, लेकरं कालपासून उपाशी आहेत आणि गावी परतायला गाडीभाडं नाही.

यातलं अक्षरन्‌अक्षर खरं असू शकतं. मराठवाड्यातून कामाला आलेल्या मजुरांचे पैसे मुकादमांनी बुडवणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आणि हीच कहाणी त्याच पुलावर, त्याच पिशवीसकट, तीन महिन्यांनी पुन्हा ऐकायला मिळते हेही तितकंच खरं. फुटपाथवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत यातलं कुठलं आपल्या वाट्याला आलंय ते कळायला काही मार्ग नसतो. तरी आपण तेच शोधत बसतो. चपला बघतो, नखं बघतो, खिशात मोबाईल आहे का बघतो. चपलेवरून भूक कळत नाही.

म्हणून खोटा माणूस ओळखायच्या युक्त्या इथे फारशा सापडणार नाहीत. समोरच्याचा निकाल न लावताही मदत करता येते आणि नकारही देता येतो. त्यासाठी आपण काय देणार, कशा रूपात देणार आणि कुठे थांबणार, एवढं आपलं आधी ठरलेलं हवं.

पहिली पायरी : घरातच ठरवून निघा

महिन्याला किती पैसे असे गेले तर आपल्याला चटका बसणार नाही, तो आकडा ठरवून टाका. शंभर असो, हजार असो. ते गेलेच असं धरून चालायचं. हे एकदा ठरलं की ‘फसलो तर?’ ही धाकधूक निम्मी होते, कारण फसून फसून किती फसणार ते आपल्याला ठाऊक असतं. पैसे संपले की त्या महिन्यापुरता विषय संपला, मनाला लावून घ्यायचं नाही.

दहा-वीसच्या चार नोटा वेगळ्या ठेवा. शर्टाच्या वरच्या खिशात किंवा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, कुठेही, पण पाकिटात नको. गर्दीत पाकीट उघडलं की आतल्या पाचशेच्या नोटा आणि कार्डं मागणाऱ्याला दिसतात तशीच शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्यालाही दिसतात. स्टेशनात हा तिसरा जास्त महत्त्वाचा.

कुणाला द्यायचं यावरही थोडा विचार करून ठेवा. काही जण फक्त खायला देतात. काही जण रस्त्यावर कुणालाच देत नाहीत, पण एखाद्या वृद्धाश्रमाला दरमहा नेमानं पाठवतात. दोन्ही रीती चांगल्याच. माझं मत विचाराल तर देवळाच्या पायरीवर बसलेल्या ऐंशीच्या आजीला प्रश्न विचारत बसू नये. द्यायचे असतील तर दहा-वीस द्यावेत आणि पुढे व्हावं.

दुसरी पायरी : थांबायचं की नाही

हे पहिल्या काही क्षणांत ठरतं, आणि ते पैशांवर नाही, जागेवर ठरवायचं. दुकानासमोर, उजेडात, माणसांची ये-जा असेल तिथे थांबायला हरकत नाही. रात्रीचा भुयारी मार्ग, रिकामा स्कायवॉक, पार्किंगची मागची बाजू अशा ठिकाणी माणूस कितीही दीन दिसला तरी पाय थांबवू नका. चालता चालता ‘पुढे दुकानापाशी या, तिथे बोलू’ म्हणा. ज्याला खरंच गरज आहे तो येतो.

थांबलात तर दीड-दोन हात अंतर ठेवा, पाठ भिंतीकडे किंवा दुकानाकडे करा, पिशवी पुढे घ्या. बोलता बोलता तो तुम्हाला बाजूच्या गल्लीत चला म्हणाला, ‘माझी बायको तिकडे बसलीय’ वगैरे, तर जाऊ नका. तिला इकडे बोलवायला सांगा.

नकार द्यायचा असेल तर माणसाकडे बघून द्या. ‘माफ करा मावशी, नाही जमणार.’ एवढंच म्हणायचं, कारण द्यायचं नाही. ‘सुट्टे नाहीत’ ही आपली जुनी सबब आता चालत नाही. समोरून सरळ क्यूआर कोड पुढे येतो, मग तुमची पंचाईत होते. ‘धडधाकट दिसतोस, काम कर की’ हे सुद्धा नको. द्यायचं नसेल तर देऊ नका, फुकटचा उपदेशही देऊ नका. नकारानंतरही तो सोबत चालत राहिला तर दुसऱ्यांदा तेच वाक्य त्याच सुरात म्हणा आणि जवळच्या दुकानात शिरा. तिसऱ्यांदा बोलायची वेळ सहसा येत नाही.

आणि हो, सिग्नलला रिक्षात बसला असाल तर पैसे काढण्याआधी हातातला फोन आत, मांडीखाली किंवा पिशवीत. फोन हिसकावून पळणारा आणि मागणारा यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही. पण तुमचं लक्ष एकाकडे असताना दुसऱ्याचं काम सोपं होतं.

तिसरी पायरी : ‘गावाला जायला पैसे नाहीत’

शहरात सगळ्यात जास्त ऐकू येणारी मागणी हीच, म्हणून हिच्यावर जरा वेळ काढू.

उलटतपासणी सुरू करू नका. ‘गाव कुठलं, तालुका कुठला, सरपंच कोण’ असं विचारून खरा माणूस ओशाळतो आणि सराईताची उत्तरं पाठच असतात. त्याऐवजी सोय लावायचे प्रश्न विचारा. ‘कुठं उतरायचंय? गाडी कुठल्या स्टँडवरून सुटते माहीत आहे का? बरोबर किती जण?’ या प्रश्नांची उत्तरं तुम्हालाही लागणारच आहेत.

पुण्यात असाल तर एवढं लक्षात ठेवा की मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नगर, नाशिक या बाजूच्या एसट्या वाकडेवाडीहून, म्हणजे शिवाजीनगर आगारातून सुटतात. मेट्रोच्या कामासाठी तो स्टँड तिकडे हलवला, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर हा पट्टा स्वारगेटचा. तेव्हा जालन्याला जाणारा माणूस स्वारगेटला भाडं मागत असेल तर लगेच ‘पकडला’ म्हणून खूश होऊ नका. वाट चुकलेला माणूसच चुकीच्या स्टँडवर उभा असतो. त्याला वाकडेवाडीला कसं जायचं ते सांगणं हीसुद्धा मदतच आहे. मुंबईत मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ल्याचं नेहरूनगर, ठाण्याला खोपट अशी विभागणी आहे. चौकशीच्या खिडकीवर विचारलं की गाडी आणि वेळ दोन्ही कळतं.

आता भाड्याचं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात प्रवास मोफत. ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. म्हणजे ऐंशीचे आजोबा ‘बीडला जायला सातशे रुपये द्या’ म्हणत असतील तर त्यांना सातशे लागतच नाहीत. मात्र ज्येष्ठांच्या सवलतीला वयाचा पुरावा लागतो, आणि पाकीट मारलं असेल तर आधार कार्डही त्यातच गेलेलं असतं. अशा वेळी त्यांना स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत घेऊन जा. खाकी-पांढऱ्या कपड्यातल्या त्या माणसानं असे प्रसंग शेकड्यांनी पाहिलेले असतात. कधी तो कंडक्टरला सांगून मार्ग काढतो, कधी घरच्यांना फोन लावून देतो. मार्ग निघाला नाही तर तिकिटाचं बघता येतं.

तिकीट काढून द्यायचं ठरवलंत तर पैसे त्यांच्या हातात न देता गाडीपाशी जाऊन कंडक्टरच्या हातात द्या आणि मशिनमधून निघालेलं तिकीट प्रवाशाच्या हातात ठेवा. रेल्वेचं असेल तर खिडकीवरून साध्या डब्याचं कागदी तिकीट काढा. मोबाईलवर काढायच्या फंदात पडू नका, ते तुमच्याच फोनवर राहतं आणि पुढे टीसीनं विचारलं की त्या माणसाची आणखी फजिती.

इथेच बहुतेक कहाण्यांचा निकाल आपोआप लागतो. काही जण ‘तिकीट नको, पैसेच द्या, मी काढतो’ म्हणतात किंवा स्टँडकडे चालता चालता गर्दीत दिसेनासे होतात. रागवायचं कारण नाही. तुमचे दहा मिनिट गेले, पैसे वाचले. पण पैसेच हवेत म्हणणारा प्रत्येक जण लबाड असतो असंही नाही. लेकराला दूध हवं, सकाळपासून पोटात काही नाही, रात्री गाडी सुटेपर्यंत सहा तास काढायचेत, याला रोख लागते. तिकीट काढून दिलंत तर वर पन्नास-शंभर हातखर्चाला द्यायला काचकूच करू नका.

वेळ नसेल तर काय? तर तिकिटाचा पूर्ण भार आपल्या डोक्यावर घेऊ नका. ‘माझ्याकडून एवढे’ म्हणून वीस-पन्नास द्या किंवा नाही म्हणा. गावी पोचवण्याची जबाबदारी एका वाटसरूची नसते. रेल्वे स्टेशनात असाल तर १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे आणि फलाटावर रेल्वे पोलिसांची चौकी असते. पाकीट खरंच मारलं गेलं असेल तर तक्रार नोंदवायला त्यांना तिथे जावंच लागणार आहे.

मुकादमानं मजुरी बुडवली असं म्हणत असतील आणि तुमच्याकडे थोडा वेळ असेल तर एक विचारा, ‘साईट कुठली?’ मजुरी बुडवणं हा कामगार आयुक्त कार्यालयात तक्रारीचा विषय आहे. साईटचं नाव, मुकादमाचा फोन नंबर, कामाचे दिवस एवढं एका कागदावर लिहून दिलंत आणि कार्यालय कुठे आहे ते सांगितलंत, तर गाडीभाड्याहून मोठं काम झालं.

चौथी पायरी : औषधाची चिठ्ठी

केईएम, सायन, ससून अशा मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांच्या आसपास हमखास भेटणारा माणूस. हातात घडी घालून घालून मऊ झालेला कागद, त्यावर इंजेक्शनचं नाव. ‘डॉक्टरांनी बाहेरून आणायला सांगितलंय, अकराशे कमी पडतायत.’ बाहेरून औषध आणायला सांगणं हे या रुग्णालयांत खरंच घडतं, हे जवळचं माणूस तिथे ठेवलेल्या कुणालाही विचारा.

चिठ्ठीवर तारीख बघा. आठवड्यापूर्वीची असेल तर सरळ विचारा की औषध आजवर कसं चाललं. मग त्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानात जा, चिठ्ठी दुकानदाराच्या हातात द्या, पैसे काउंटरवर तुम्ही भरा. आता एक बारीक गोष्ट. न फोडलेली औषधं बिलासकट काही दुकानं परत घेतात, आणि चिठ्ठी घेऊन फिरणाऱ्याला ती दुकानं माहीत असतात. दुकानदाराला बिलावर ‘परत घेतले जाणार नाही’ असं लिहून शिक्का मारायला सांगा. गोळ्या असतील तर पट्टीतल्या दोन गोळ्या तिथेच कापून वेगळ्या करून मागा. दुकानदार कुरकुर करत नाहीत, त्यांनाही हा प्रकार ठाऊक असतो. बिल स्वतःकडे ठेवलंत तरी चालेल. हे सगळं हसतमुखानं, ‘तुमच्यावर अविश्वास नाही, माझी अशी पद्धत आहे’ म्हणत करता येतं.

रक्कम मोठी असेल, शस्त्रक्रियेचा किंवा बिलाचा विषय असेल, तर स्वतः पैसे देण्याआधी त्यांना रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवा. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे पद असतं. गरीब रुग्णांसाठी ट्रस्टकडून पैसे मिळवून देणं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद करून देणं ही कामं तिथे होतात. आणि रुग्ण खासगी धर्मादाय रुग्णालयात असेल तर आणखी एक गोष्ट सांगा, जी त्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलीच नसते. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना कायद्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला हे कागद लागतात. रुग्णालयानं टाळाटाळ केली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. रस्त्यावर पाचशे गोळा करत फिरणाऱ्या बापाला ही एक ओळ माहीत असती तर पन्नास हजारांचं ओझं उतरलं असतं, अशी उदाहरणं थोडी नाहीत.

पाचवी पायरी : भूक लागलीय म्हणणाऱ्याला

सगळ्यात सोपं. जवळच्या गाडीवर न्या, वडापाव किंवा पोहे सांगा, पैसे गाडीवाल्याला द्या आणि निघा. तो खातोय का ते बघत उभं राहू नका, कुणालाही तसं खायला आवडत नाही. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर १० रुपयांत थाळी मिळते, दुपारच्या वेळेत.

दूध पावडरचा डबा मागणारी बाई हा मुंबईत, विशेषतः कुलाब्याच्या बाजूला, पर्यटकांच्या परिचयाचा प्रकार. ती सांगते त्याच दुकानात, ती दाखवते तोच महागडा डबा, आणि पाठ वळली की डबा पुन्हा फळीवर. तुम्ही निवडाल त्या दुकानातून अर्धा लिटरची दुधाची पिशवी घेऊन द्या. बंद बिस्किटपुड्यांचंही असंच, पुडा फोडून दिला की प्रश्न मिटला.

सहावी पायरी : मागणारं मूल असेल तर

इथे मी जरा कडक आहे. मुलाच्या हातात पैसे देऊ नका. ते पैसे त्याच्याकडे राहत नाहीत, आणि जितकी कमाई बरी तितकं त्याचं शाळेत जाणं अवघड. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला बालन्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यासाठी मूल पळवलं असेल तर नव्या भारतीय न्याय संहितेत किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे.

खायला द्या, तिथेच खाता येईल असं. केळं उत्तम. खिडकीची काच खटखटवणाऱ्या मुलावर खेकसू नका. नाव विचारलंत तर मुलं खुलून बोलतात.

मूल जखमी दिसलं, गुंगीत वाटलं, सोबतच्या माणसाला घाबरत असेल, किंवा एवढंसं मूल मोठ्या माणसाशिवाय रात्री स्टेशनवर असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवा. हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. ते विचारतील : नेमकी जागा, अंदाजे वय, अंगावर काय कपडे, सोबत कोण, आणि तुम्ही किती वेळ थांबू शकता. जागा सांगताना ‘दादर स्टेशन’ म्हणून भागत नाही. फलाट क्रमांक, पुलाची दिशा, जवळचा स्टॉल असं सांगा. मुलाचा फोटो काढून गटांवर फिरवू नका आणि सोबतच्या बाईला ‘हे मूल तुझंच का?’ म्हणून गर्दी जमवू नका. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं निरपराध माणसं मारल्याच्या घटना याच राज्यात झाल्या आहेत. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा असाच जीव गेला.

सातवी पायरी : फोन आणि यूपीआय

नवी मागणी अशी : ‘काका, एटीएम बंद आहे, मी तुम्हाला जीपे करतो, मला दोन हजार रोख द्या.’ यात भीक नाही, उपकारही फुटकळ वाटतो, म्हणून शिकलेली माणसं इथे चटकन हो म्हणतात. दोन धोके आहेत. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट खोटा असू शकतो, हा लहान. मोठा धोका पैसे खरंच आले तर. ते कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेले असतील तर सायबर पोलिसांच्या तपासात तुमच्या खात्यातली रक्कम गोठते, कधी खातंच, आणि सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. तेव्हा सरळ नकार. फारच अडचण दिसली तर त्याला शेजारच्या पेट्रोल पंपावर किंवा किराणावाल्याकडे घेऊन जा आणि जे हवंय ते तिथेच त्याच्या फोनवरून घ्यायला सांगा.

तुम्हाला पैसे ‘मिळवण्यासाठी’ कुणी पिन टाकायला सांगत असेल तर फोन खिशात घाला. पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. मागणाऱ्याच्या क्यूआर कोडवर द्यायचंच असेल तर आधी पडद्यावर येणारं नाव बघा, रक्कम स्वतः टाका, पिन टाकताना फोन छातीशी धरा.

‘एक फोन करू द्या’ ही मागणी रास्त आहे, पण फोन हातात देऊ नका. नंबर विचारा, स्वतः लावा, स्पीकरवर ठेवा. नंबरच्या आधी स्टार किंवा हॅश असेल तर लावू नका, अशा आकड्यांनी तुमचे कॉल दुसरीकडे वळवले जातात. फसून पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच, त्याच तासात फोन करा. जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगत जातात.

खोदकामात सापडलेलं सोनं, गाडीत पेट्रोल संपलंय म्हणून गहाण ठेवायची अंगठी, विमानतळाकडे घाईनं निघालेल्या साहेबाचं ‘परदेशी’ जाकीट : यांच्याबद्दल लिहायला फार नाही. रस्त्यावर स्वस्तात मिळणारं सोनं हे सोनं नसतं. पेट्रोल संपलेल्याला पंप दाखवा.

आठवी पायरी : भीती वाटली तर

तिघं-चौघं घेरून उभे राहिले, कुणी हाताला धरलं, शिव्याशाप सुरू झाले, तर मदतीचा विषय तिथेच संपला. पाकीट बाहेर काढू नका. मोठ्यानं ‘सोडा’ म्हणा, दुकानात किंवा बँकेच्या सुरक्षारक्षकापाशी जा, पोलिसांना बोलवायला ११२ लावा. लोकलच्या डब्यात १३९.

तृतीयपंथीयांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांची भीती बऱ्याच जणांच्या मनात शापाच्या रूपानं बसलेली असते. ‘नाही जमणार ताई’ एवढं सरळ म्हटलं की बहुतेक जणी पुढे जातात. टाळी वाजली म्हणून बावचळू नका, आणि टर उडवू नका, सोबतच्या मित्रांनाही उडवू देऊ नका. बारशाला, लग्नाला दारात आल्या आणि अवाच्या सवा रक्कम मागू लागल्या तर घरातल्या मोठ्या माणसानं शांतपणे आपला आकडा सांगावा आणि त्यावर ठाम राहावं. जबरदस्ती झाली तर ती कुणीही केली तरी जबरदस्तीच, पोलिसांना बोलवा.

नुसतं कुणी मागतंय म्हणून मात्र ११२ ला फोन करू नका. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्याखाली मागणाऱ्याला वॉरंटशिवाय ताब्यात घेता येतं आणि एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून मागणंही त्याच्या व्याख्येत येतं, म्हणजे पहाटेचा वासुदेवसुद्धा कागदावर त्यात बसतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे तसं झालेलं नाही. तुमच्या एका वैतागलेल्या फोननं कुणाचं तरी वर्ष आत जाऊ शकतं, एवढं लक्षात असू द्या.

नववी पायरी : पैसे मागणारा हरवलेला असेल तर

कपडे नीटनेटके, दाढी घोटलेली, बोलणं सभ्य. ‘मला जरा साताऱ्याला जायचंय, दहा रुपये द्या.’ साताऱ्याला दहा रुपयांत कुणी जात नाही. हे वाक्य ऐकलं की थांबा. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध माणसं घरातून निघतात तेव्हा बऱ्याचदा लहानपणीच्या गावी निघालेली असतात, आणि त्यांच्या डोक्यात भावही तेव्हाचेच असतात.

पैसे देऊन पुढे गेलात तर ते आणखी लांब जातील. ‘आजोबा, बसा जरा, चहा घेऊ’ म्हणा. ‘घर कुठं’ याचं उत्तर मिळणार नाही. मुलाचं-मुलीचं नाव, कुठल्या कंपनीत होतात, घराजवळ देऊळ कुठलं, असं विचारलं की धागा लागतो. शर्टाच्या खिशात चिठ्ठी, गळ्यात किंवा मनगटावर नाव-नंबर आहे का, त्यांना विचारून बघा. काही लागलं नाही तर ११२ लावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे, तिथूनही सल्ला मिळतो. पोलीस येईपर्यंत मात्र सोबत थांबा. तुम्हाला घाई असेल तर दुकानदाराच्या हवाली करून त्याचं नाव आणि नंबर घेऊन निघा.

दारावर आलेली पावतीपुस्तकं

हे रस्त्यावरचं नाही, पण माणूस अनोळखीच. अंध विद्यार्थ्यांसाठी, गोशाळेसाठी, पूरग्रस्तांसाठी, उत्सवासाठी. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक बघा. सार्वजनिक न्यासांचे क्रमांक बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ अशा अक्षरानं सुरू होतात आणि कंसात जिल्हा असतो. तात्पुरती वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तिची प्रत दाखवा म्हणा. ‘रोख नको, संस्थेच्या खात्यात टाकतो, खाते क्रमांक द्या’ म्हटलं की खरी संस्था आनंदानं देते. घरात वडीलधारी मंडळी दुपारी एकटी असतील तर त्यांना एकच वाक्य पढवून ठेवा : ‘मुलगा घरी नाही, रविवारी या.’ दार साखळीवर असताना म्हणायचं. मुलगा परदेशात असला तरी हेच म्हणायचं.

‘तुमचा नंबर द्या, गावी पोचलो की परत करतो’

असं म्हणणारे पुष्कळ, आणि त्यातले काही मनापासून म्हणत असतात. नंबर देऊ नका. ‘परत करू नका, तिकडे कुणा अडलेल्याला द्या’ म्हणा आणि विषय संपवा. नंबर दिला की दोन गोष्टींपैकी एक होते. पैसे येत नाहीत आणि तुम्ही महिनाभर वाट बघत चिडचिड करता, किंवा पंधरा दिवसांनी त्याच नंबरावर दुसऱ्या अडचणीचा फोन येतो. फारच आग्रह झाला तर त्यांचा नंबर तुम्ही घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं तर फोन लावून ‘पोचलात का?’ एवढं विचारा.